कालव्याकाठच्या टोपाथवरून निवांत सायकल टूर: रोज किती किमी, कुठली सायकल, कुठला कालवा?

निवांत_चाक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. मी आणि बायको दोघंही पन्नाशी ओलांडलेले. सायकलची सवय आहे पण ती शनिवार-रविवार सकाळची, वीस-पंचवीस किमी आणि परत घरी. शर्यती, ब्रेव्हे (ठरावीक वेळेत लांब अंतर कापायच्या राइड) वगैरेच्या वाटेला कधी गेलो नाही, जायचंही नाही. डोक्यात असं आहे की आठवडाभर एखाद्या जुन्या कालव्याच्या काठानं, म्हणजे पूर्वी बोटी ओढायला घोडे नि खेचरं ज्या वाटेनं चालायची त्या टोपाथवरून, खेड्यापाड्यातून सायकलनं जायचं. गाड्यांची वर्दळ नाही, चढ नाहीत, रस्ता चुकायचाही प्रश्न नाही, पाणी बाजूला ठेवून चालत राहायचं.

वाचून वाचून तीन नावं हाताशी आलीत. फ्रान्सचा कॅनाल दु मिदी, इंग्लंडचा केनेट अँड एव्हन आणि अमेरिकेचा सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो). आता ठरवताना गोंधळ उडालाय. सपाटच आहे तर रोजचे ७०-८० किमी धरायला हरकत नाही ना? सायकल कुठली, आमच्या दोन्ही साध्या हायब्रिड आहेत, टायर २८ मिमी रुंदीचे, चालतील का तिथेच भाड्यानं घ्यायच्या? तंबू न्यावा का खोल्या बुक कराव्यात? आणि वाटेत बोगदे लागतात असं वाचलं, त्यात सायकल घेऊन जाऊ देतात का? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज, "मस्त आहे, नक्की जा" असं नको, ते आम्ही ठरवलेलंच आहे.

बगळा

"सपाट म्हणून ७०-८०" वाचलं आणि लॉगिन करावंच लागलं. अहो, चढ नाही म्हणजे उतारही नाही ना! डोंगरातल्या रस्त्यावर चढताना दम निघतो पण मग उतारावर पाय थांबतात, सीटवरून उठता येतं, पाठ सरळ होते. टोपाथवर एका लॉकपासून (बोटीला पाण्याच्या वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारा, दोन्हीकडे दारं असलेला हौद) पुढच्या लॉकपर्यंत पाणी एका पातळीत, त्यामुळे वाटही एका पातळीत, म्हणजे तुम्ही तासन्‌तास एकाच गिअरमधे, एकाच पोझिशनमधे पेडल मारत बसलेले, फुकट मिळणारे शंभर मीटरसुद्धा नाहीत. पाय काही तक्रार करत नाहीत, पण दुपार झाली की तळहात आणि बूड बोलायला लागतात. ज्याला ८० किमीची सवय आहे त्यालाही हे जाणवतं, तुमचा रोजचा पल्ला पंचविसाचा आहे.

माझं मत विचाराल तर दिवसाला ३५ ते ४५ धरा. चांगल्या पृष्ठभागावर रमतगमत ताशी १५ पडतात, मातीच्या वाटेवर १०-१२, आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर आठसुद्धा पुरे म्हणायचं. त्यात थांबणं आलंच, कारण लॉकपाशी बोट आली की तुम्ही थांबणारच, लिहून देतो. दर पाऊण तासानं उतरून जरा चाला, अधूनमधून गिअर मुद्दाम जड टाकून उभं राहून पेडल मारा म्हणजे बुडाला विश्रांती. आणि नवीकोरी सीट बसवून टूरला निघू नका, आत्तापासून त्याच सीटवर रविवारी ४० करायला लागा.

चढ अजिबातच नाही असंही नाही बरं का, प्रत्येक लॉकला दोन-तीन मीटरची छोटीशी चढण असते, छोटी पण एकदम उभी. मागे सामान लादलेलं असताना ती समोर दिसायच्या आतच गिअर हलका करून ठेवा, मधेच बदलायला गेलात तर चेन कुरकुरते आणि तिथेच पाय टेकायला लागतो.

खडीवाट

बगळा +१, सीटबद्दल तर +१००.

मी सी अँड ओ बद्दल लिहितो, तो माझ्या आवडीचा आहे. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ २९७ किमी, पोटोमॅक नदीच्या कडेकडेनं. १८२८ साली खणायला सुरुवात केली, कंबरलंडला पोचेस्तोवर १८५० उजाडलं, आणि १९२४ ला कायमचा बंद पडला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कालव्यात पाणीच नाही, खंदकासारखा खोलगट भाग आणि त्यात वाढलेली झाडं. बोटी बघायच्या असतील तर हा कालवा तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगतो. पण जंगल, नदी, लॉककीपरची जुनी दगडी घरं आणि मैलोन्‌मैल शांतता हवी असेल तर याला तोड नाही. १९७१ पासून हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, त्यामुळे मोटारी नाहीतच.

एकूण ७४ लॉक, उंचीतला फरक ६०५ फूट, म्हणजे एकेका लॉकला सरासरी आठ फूट. कंबरलंडकडून वॉशिंग्टनकडे आलात तर कागदोपत्री सगळा उतार आहे, प्रत्यक्षात २९७ किमीत १८४ मीटर, पायांना कळणारही नाही. तरी मी त्याच दिशेनं जायला सांगेन, कारण कंबरलंडला वॉशिंग्टनहून रेल्वे जाते, सायकलची जागा आधी आरक्षित करायची, गाडीनं वर जायचं आणि सायकलनं परत यायचं.

तंबूचं म्हणाल तर तंबूसाठी याच्याइतकी सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल. साधारण दर पाच-सात मैलांवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी मोकळ्या जागा राखलेल्या आहेत, पैसे नाहीत, बुकिंग नाही, एका ठिकाणी एक रात्र. एक टेबल, शेकोटीची जागा, तात्पुरता संडास आणि हातपंप. पंपाचं पाणी आयोडीन टाकलेलं असतं, चव लागते, आणि थंडीत पंप बंद करतात. कधीकधी एखादा पंप नादुरुस्त असतो किंवा पाणी तपासणीत नापास झालेलं असतं, म्हणून पुढच्या पंपावर भरू असं म्हणून बाटल्या रिकाम्या करत जाऊ नका.

२८ चे टायर मात्र विसरा. ३५ पासून पुढे, ४० असतील तर उत्तम. वाट मातीची आणि बारीक खडीची आहे, पाऊस झाला की दोन चाकोऱ्या आणि मधे गवत, चाकोरीत पाणी साठून चिखल, तो मडगार्डमधे जाऊन गच्च बसतो आणि चाक फिरेनासं होतं. खिशात एक काडी ठेवा चिखल काढायला, विनोद नाही करत.

आणि बोगदा. पॉ पॉ बोगदा ३,११८ फुटांचा, साडेनऊशे मीटर. आत दिवे नाहीत. एका बाजूला टोपाथ, चार-साडेचार फूट रुंद, कडेला लाकडी कठडा, कठड्याच्या पलीकडे कालव्याचं काळं पाणी. सायकल ढकलत न्या, चालवू नका. हेडलाईट खाली वळवून ठेवा म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यावर येणार नाही. मधोमध उभं राहून टॉर्चनं कठडा नीट बघा, बोट ओढणाऱ्या दोरांनी घासून लाकडात खाचा पडलेल्या आहेत. तिथे आत एका वेळी एकच बोट मावायची, समोरून दुसरी आली की भांडणं.

सौ_पॅनिअर

निवांत_चाक, तुमच्या बायकोनं पण इथे येऊन लिहावं, अशा धाग्यांवर बायका कमी दिसतात :)

इंग्लंडच्या कालव्यांबद्दल मी सांगते. खडीवाट म्हणतात त्याच्या बरोबर उलटं, इथे कालवे जिवंत आहेत, लांबट अरुंद बोटी आहेत, त्यात राहणारी माणसं आहेत, आणि वाट त्या सगळ्यांची आहे. त्यामुळे इथला पहिला नियम म्हणजे चालणाऱ्याला आधी जागा. घंटी हवीच, पण घंटी म्हणजे "सरका" नव्हे, लांबूनच दोनदा हलकी वाजवायची आणि वेग कमी करायचा, त्यांना वळून बघायला वेळ मिळाला पाहिजे. कडेला मासे पकडणारे बसलेले असतात, त्यांची काठी दहा-बारा मीटर लांब असते आणि मासा जवळ आणताना ते ती मागे सरकवतात, ती थेट वाटेवर आडवी येते. थांबायचं, त्यांचं होऊ द्यायचं. बोटी बांधायला ठोकलेले लोखंडी खुंटे आणि दोर पण बघा, संध्याकाळी गवतात दिसत नाहीत.

पुलांखाली तर नक्कीच उतरा. जुने विटांचे कमानी पूल इतके बुटके आणि वाट इतकी आक्रसलेली की पलीकडून कोण येतंय हे कळतच नाही. शिवाय तिथे भिंतीकडचं पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला लटकणारी बॅग) भिंतीला घासतं आणि तुम्हाला थेट पाण्याच्या बाजूला ढकलतं. फोन, पासपोर्ट, कोरडे कपडे जे काय असेल ते भिंतीकडच्या बॅगेत ठेवावं असा सल्ला लोक देतात, पण टोपाथ मधेच बाजू बदलतो तेव्हा त्या सल्ल्याचं काय करायचं ते त्यांनाच विचारा. सरळ वॉटरप्रूफ पिशवीत घालून हँडलच्या बॅगेत ठेवा.

हे बाजू बदलणं मात्र बघण्यासारखं असतं. काही ठिकाणी पूल असा बांधलाय की घोडा पुलावर चढतो, पलीकडे उतरतो आणि वळून त्याच पुलाच्या खालून पुढे जातो, म्हणजे बोटीचा दोर सोडायलाच लागत नाही. सायकल ढकलत त्याच गोल उतारावरून गेलं की ती युक्ती बरोबर डोक्यात शिरते. तिथे उतारावर आडव्या विटांच्या ओळी जराशा वर काढलेल्या असतात, घोड्याचा पाय घसरू नये म्हणून. घोड्याचा घसरत नसेल, ओल्या विटेवर सायकलचा टायर बरोबर घसरतो.

केनेट अँड एव्हन रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत ८७ मैल. बाथ ते डिव्हायझेस हा तुकडा रुंद आणि चांगला आहे, तिथे तुमची हायब्रिड चालेल. डिव्हायझेसच्या पूर्वेला मात्र गवतातली एकेरी पायवाट होते, राष्ट्रीय सायकल रूट ४ सुद्धा पुढे काही भाग कालवा सोडून गावरस्त्यांनी नेतो. "कालवा सोडायचाच नाही" असा हट्ट धरू नका. डिव्हायझेसला केन हिलवर एकूण २९ लॉक आहेत, त्यातले १६ एका सरळ रेषेत टेकडीवर चढतात. बोटीला ते सगळे पार करायला पाच-सहा तास लागतात, सायकलनं तुम्ही पंधरा मिनिटात वर. तरी वर जाऊन पुढे पळू नका, एका लॉकपाशी बसा. बोटवाले स्वतः उतरून हातानं झडपा उघडतात, पाणी खळाळत भरतं, दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दार हलतच नाही, कितीही जोर लावा, आणि सारखी झाली की तेच अवाढव्य लाकडी दार एका माणसाच्या पाठीनं उघडतं. विचारलंत तर ढकलायला तुम्हालाही देतात बहुतेक जण.

पंक्चरचं विसरले. शरद ऋतूपासून पुढे टोपाथच्या कडेची काटेरी कुंपणं छाटतात आणि त्याचे काटे वाटेवर पडतात. पंक्चर-प्रतिबंधक टायर आणि दोन जास्तीच्या ट्यूब हव्यातच.

उलटावारा

सगळे मिळून बिचाऱ्यांना घाबरवताय :D ७०-८० अशक्य नाहीये. न्यूयॉर्क राज्यातला एरी कालवा बघा, १८२५ ला सुरू झाला, बफेलो ते ऑल्बनी सुमारे ३६० मैलांची ट्रेल आहे, बहुतेक ठिकाणी दगडाचा बारीक चुरा दाबून बसवलेला किंवा डांबर. त्यावर हायब्रिड मस्त पळते. फक्त पश्चिमेकडून पूर्वेकडे जा, वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो आणि उतारही थोडा त्याच बाजूला.

कुठलाही कालवा असो, दिशा वाऱ्यावरून ठरवा. कालव्याकाठी बऱ्याच ठिकाणी आडोसा नसतो, समोरचा वारा लागला की बराच वेळ तोच.

बगळा

उलटावारा, वाऱ्याबद्दल मान्य, ७०-८० बद्दल नाही. धाग्याच्या नावात "निवांत" आहे. ८० करायचे तर लॉकपाशी बसायला वेळ कुठून आणणार?

उलटावारा

पहाटे लवकर निघून :)

दोनचाकी_दुपार

कॅनाल दु मिदीवर कोणीच लिहिलं नाही म्हणून. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या थो या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किमी, १६६६ ते १६८१ या काळात पिएर-पॉल रिके या माणसानं खणून घेतला, आणि कालवा खुला व्हायच्या काही महिने आधी, १६८० ला, तोच वारला. १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फोटोत जी दुतर्फा झाडांची कमान दिसते ती आपल्या चिनाराच्या कुळातली झाडं, एकूण बेचाळीस हजारांच्या आसपास होती. २००६ मधे त्यात एक बुरशी सापडली आणि तेव्हापासून हजारोंनी झाडं तोडून जाळावी लागलीत. नवीन लावतायत पण ती अजून लहान आहेत. त्यामुळे फोटो बघून सावली गृहीत धरू नका, काही पट्टे उघडे आहेत आणि जुलै-ऑगस्टमधे तिथे ऊन भाजून काढतं.

पृष्ठभागाबद्दल एकच गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंतचे पन्नासेक किमी डांबरी आणि गुळगुळीत आहेत. लोक तेवढ्यावरून अंदाज बांधतात आणि पुढच्या बुकिंगवर रोजचे ७० टाकतात. पुढे ओद जिल्ह्यात शिरलं की बराच भाग मातीची पायवाट, आणि त्यात त्याच झाडांची मुळं आडवी वर आलेली. काही तुकडे सुधारलेत, जायच्या आधी ताजी माहिती घ्या, पण मुळांवरून तासभर गेलं की मनगटं हलतात. रुंद टायर, आणि हवा जरा कमी.

या कालव्यातली खरी करामत नोरूझला आहे. समुद्रसपाटीपासून १८९ मीटर, कालव्याचा सगळ्यात उंच बिंदू. इथून पाणी एका बाजूला अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूला भूमध्यकडे उतरतं. प्रत्येक वेळी लॉक उघडला की वरचं पाणी खाली जातं, म्हणजे सगळ्यात वरच्या टप्प्यात सतत पाणी येत राहिलं नाही तर कालवा दोन्हीकडून रिकामा होणार. रिकेनं काळ्या डोंगरातले ओढे अडवून, सें-फेरेओलचं धरण बांधून, खास चराच्या वाटेनं ते पाणी इथपर्यंत आणलं. त्या चराच्या काठानंही सायकलनं जाता येतं आणि तिथे गर्दी फार कमी. मला विचाराल तर अर्धा दिवस तिथे घालवा, शेवटी बेझिएला फोन्सेरानचे एकाला एक जोडलेले लंबगोल लॉक बघायला सगळेच जातात. म्हणजे तेही बघा, पण तिथे फोटो काढणारेच जास्त.

तुमच्या दोघांसाठी माझी सूचना वेगळीच आहे. मिदीचा पूर्ण हट्ट न धरता गारोन कालव्यापासून सुरुवात करा. बोर्दोच्या बाजूला कास्ते-आं-दोर्तपासून तुलूझपर्यंत १९३ किमी, ५३ लॉक, आणि जवळजवळ सगळी वाट डांबरी. २८ च्या टायरवर होईल. वाटेत आजांला कालवा स्वतःच पुलावरून गारोन नदी ओलांडतो, २३ कमानींचा ५३९ मीटर लांब पूल, खाली नदी आणि वरून बोट चाललेली, बाजूनं तुम्ही. मग तुलूझला अंग साथ देत असेल तर मिदीचे ते गुळगुळीत पन्नास किमी करून नोरूझला थांबा. खोल्यांवर भागतं, तंबूचं ओझं नको.

निवांत_चाक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बायकोनं पूर्ण धागा वाचला, तिचा कौल दोनचाकी_दुपार यांच्या गारोन + नोरूझला, आणि "खिशात काडी" वाचून सी अँड ओ तूर्तास बाद. रोजचे ४० धरतोय. उलटावारा, माफ करा :)

दोन गोष्टी राहिल्या. महिना कुठला? आणि एकेरी प्रवास असल्यानं सायकली भाड्यानं घेऊन दुसऱ्या गावात परत करता येतात का, का आपल्याच न्याव्यात?

दोनचाकी_दुपार

मे किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात देखभालीसाठी तिथे कालव्याचे काही टप्पे बंद करून पाणी उपसतात, वाट चालू असली तरी नुसता गाळ बघत जावं लागतं आणि बोटी नसतात. एकेरी भाडं मिळतं, पण सगळीकडे नाही, आणि सायकल परत न्यायचा वेगळा आकार लावतात. देणाऱ्याला आधी मेल करून टायरची रुंदी, मागचं कॅरिअर आणि सीटची उंची तिन्ही विचारा. आपली सीट आणि पेडल काढून नेऊन त्यांच्या सायकलला बसवली तरी चालतं, सायकलपेक्षा विमानात ते सोपं.

सौ_पॅनिअर

सीट न्यायची असेल तर सीटपोस्टच्या क्लॅम्पला बसणारी ॲलन की पण चेक-इन सामानात टाका. घंटी भाड्याच्या सायकलला असेलच असं धरू नका, छोटीशी आपली न्या. आणि वहिनींना सांगा, परत आल्यावर वृत्तांत त्यांनी लिहायचा.

निवांत_चाक

सांगितलं. म्हणाली, आधी रविवारचे ४० होऊ देत.